उचललेल्या रस्त्यांचं गाव : गॅल्व्हेस्टनमध्ये चार दिवस

पहिला दिवस : ब्रॉडवे, पश्चिमेकडून पूर्वेकडे

टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून दक्षिणेला आय-४५ धरला की साधारण ८० किलोमीटरवर हा महामार्ग पुलावरून खाडी ओलांडतो. गॅल्व्हेस्टन बेटावर उतरताच त्याचा रुबाब संपतो, सिग्नल लागतात आणि त्याचंच नाव ब्रॉडवे होतं. ह्यूस्टनकडच्या मराठी घरांत पाहुणा आला की त्याला इथवर आणतात खरं, पण ६१व्या स्ट्रीटला उजवीकडे वळून थेट समुद्र गाठतात, पाय बुडवतात आणि संध्याकाळी परततात. तिथे न वळता सरळ पुढे गेलं तरच गॅल्व्हेस्टन शहर भेटतं.

शहराची आखणी आधी समजून घ्यावी. आकड्यांच्या स्ट्रीट बेटाच्या रुंदीत, खाडीपासून समुद्राकडे जातात आणि आकडा पश्चिमेकडे वाढतो. अक्षरांचे ॲव्हेन्यू बेटाच्या लांबीत जातात. ‘ए’ खाडीच्या काठाला, मग पुढची अक्षरं समुद्राकडे. ब्रॉडवे म्हणजे ॲव्हेन्यू जे. मिशेल मेनार्डने टेक्सास प्रजासत्ताकाकडून ४,६०५ एकर जमीन ५०,००० डॉलरला घेतली, १८३८ मध्ये गॅल्व्हेस्टन सिटी कंपनी उभी राहिली आणि जॉन ग्रोसबेकने हे जाळं आखलं. एका ब्लॉकमध्ये १४ भूखंड, प्रत्येक ४२ फूट १० इंच रुंद आणि १२० फूट खोल. सात-सातच्या दोन रांगा आणि मधोमध २० फुटांची बोळ. ही बोळ लक्षात ठेवा, तिसऱ्या दिवशी तिच्यात शिरायचं आहे.

घरनंबरही याच जाळ्यातून येतात. ॲव्हेन्यूवरच्या घराचा नंबर २३२८ असेल तर ते २३व्या आणि २४व्या स्ट्रीटच्या मध्ये. १४०२ असेल तर १४व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. नंबर वाचता आला की फोन बाहेर काढावा लागत नाही. फसगत होते ती अर्ध्या ॲव्हेन्यूंपाशी. शहराच्या दक्षिणेची जमीन कंपनीने मोठमोठ्या तुकड्यांत विकली होती. वस्ती तिकडे सरकली तेव्हा त्या तुकड्यांच्या पोटातून रस्ते काढावे लागले, पण अक्षरं तोवर वाटून झाली होती. म्हणून एम आणि एनच्या मध्ये ‘एम १/२’, एन आणि ओच्या मध्ये ‘एन १/२’. पत्ता लिहून घेताना तो १/२ गाळला की एक ब्लॉक चुकलाच.

पहिला थांबा ४३व्या आणि ४०व्या स्ट्रीटच्या दरम्यान ब्रॉडवेलगतची स्मशानभूमी. एकूण सात, एकमेकींना खेटून. सर्वांत जुनी १८३९ची. वसंतात इथे पिवळी रानफुलं गुडघाभर येतात आणि सगळे त्यांचेच फोटो काढतात. पाहण्यासारखी गोष्ट खाली आहे. काही थडग्यांचे चौथरे जमिनीत अर्धे बुडालेले, काहींची फक्त वरची कड दिसते. १९००च्या चक्रीवादळानंतर अख्खं शहर उचललं, तेव्हा स्मशानंही भराव घालून उचलली. ज्यांच्या वारसांनी दगड वर काढून घेतला नाही, ते दगड खालीच राहिले. एका थडग्याखाली दुसरं थडगं असणं इथे नवलाचं नाही. १८६७च्या पिवळ्या तापात हजाराहून अधिक माणसं गेली. त्या काळची शहराची वस्ती पाहता हा आकडा केवढा, ते ताडून पाहा : १८७०च्या जनगणनेत शहरात १३,८१८ माणसं होती.

तिथून पूर्वेकडे येताना ३४व्या स्ट्रीटला एक ब्लॉक आत, ॲव्हेन्यू केवर सेंट पॅट्रिक चर्च आहे. शहर कसं उचललं हे समजून घ्यायला याच्याहून चांगली जागा नाही.

८ सप्टेंबर १९०० रोजी चक्रीवादळ आलं तेव्हा बेटाचा सर्वांत उंच भाग ब्रॉडवेवर होता आणि तोही समुद्रसपाटीपासून जेमतेम ८.७ फूट. पाणी १५ फुटांच्या वर चढलं. ३,६००च्या आसपास घरं गेली. शहरातल्या मृतांचा आकडा ६,००० ते ८,००० धरतात, आणि अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं पुन्हा कधी मेली नाहीत. मग हेन्री रॉबर्ट, अल्फ्रेड नोबल आणि एच. सी. रिप्ली या तीन अभियंत्यांनी दोन कामं सुचवली : समुद्राकडे भिंत, आणि भिंतीमागचं अख्खं शहर वर उचलायचं. पहिलं काम कुणालाही सुचलं असतं. दुसरं ऐकून माणूस हसला असता, पण ते झालं.

पद्धत अशी. शहराचे साधारण पाव मैल बाजूचे चौकोन पाडायचे. एकेका चौकोनाभोवती मातीचे बांध घालायचे. आतलं प्रत्येक घर, दुकान, कोठार स्क्रू-जॅकवर चढवून ठरलेल्या पातळीला न्यायचं आणि खाली टेकू लावायचे. पाण्याचे आणि गॅसचे नळ, गटारं, ट्रामचे रूळ, आगीच्या बंबाचे नळखांबसुद्धा वर घ्यायचे. मग ड्रेजर जहाजांनी बंदराच्या तोंडाशी उपसलेली वाळू पाण्यात कालवून, पाइपातून त्या चौकोनात सोडायची. पाणी निथळून जातं, वाळू बसते. जहाजं वस्तीपर्यंत यावीत म्हणून शहराच्या आतून २०० फूट रुंद आणि सुमारे ३ मैल लांब कालवा खणला होता. काम संपवून मागे सरकताना तोही त्याच वाळूने बुजवत नेला. १९०३ ते १९११ या काळात सुमारे ५०० ब्लॉक आणि २,००० हून अधिक इमारती अशा वर गेल्या, भराव १.६ कोटी घनयार्डांच्या घरात. काही ठिकाणी भर काही इंचांची, समुद्राकडे १० फुटांहून जास्त.

सेंट पॅट्रिकचं वजन ३,००० टन. ७०० स्क्रू-जॅक लावून ते ५ फूट वर घेतलं. जॅक एकाच तालात, थोडेथोडे फिरवावे लागतात. एका कोपऱ्याचा माणूस अर्धा फेरा पुढे गेला तरी विटांच्या भिंतीला तडा जातो. लाकडी घर या बाबतीत सोसणारं, कारण त्याचा सांगाडा थोडा वाकून घेतो. म्हणूनच इथे लाकडी घरं बहुतेक वर आली आणि कित्येक विटांची घरं जागीच राहून तळघर गमावून बसली.

पैशांची वाटणी मात्र ऐकण्यासारखी आहे. भरावाचा खर्च सरकारी, घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने. ज्याला परवडलं त्याने उंच उचलून खाली जागा ठेवली, ज्याला परवडलं नाही त्याच्या खालच्या खोल्यांत वाळू भरली. आज ब्रॉडवेवरून चालताना हा हिशेब पायऱ्यांवर वाचता येतो. एखाद्या जुन्या घराला आठ-दहा पायऱ्या आणि शेजारच्या तितक्याच जुन्या घराला दोन, तर दुसऱ्याच्या उरलेल्या पायऱ्या जमिनीखाली आहेत. आपल्याकडे डांबराचे थर चढत जाऊन दुकानाचा उंबरा रस्त्याखाली जातो, ते पाहिलेल्या डोळ्यांना हे लगेच दिसतं.

२४व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं ॲश्टन व्हिला, १८५९चं, याचा उत्तम नमुना. लोखंडी कुंपण कमरेएवढंच दिसतं. ते बुटकं बनवलेलं नव्हतं, त्याचा खालचा भाग गाडला गेला. तळघरही वाळूने भरलं.

दुसरा दिवस : स्ट्रँड

स्ट्रँड म्हणजे ॲव्हेन्यू बी. पुढे मेकॅनिक म्हणजे सी, मार्केट म्हणजे डी, पोस्टऑफिस म्हणजे ई, चर्च म्हणजे एफ. पाट्यांवर नावं असतात, जुन्या कागदांत बहुतेकदा अक्षरं. दोन्हींची जोडी आधी लिहून घेतली तर तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात डोकं फिरत नाही. आकड्यांच्या स्ट्रीटनाही नावं आहेत : २३वी ती ट्रिमाँट, २५वी ती रोझेनबर्ग. हीच २५वी पूर्वी बाथ ॲव्हेन्यू होती. दानशूर व्यापाऱ्याचं नाव मिळालं की जुनं नाव कसं पुसलं जातं, हे कुठल्याही गावात सारखंच.

सकाळी लवकर यावं. क्रूझची जहाजं याच टोकाला लागतात. जहाजाचा दिवस असेल तर दहानंतर गाडी उभी करायला जागा मिळत नाही. उन्हाळ्यात दमटपणा मुंबईच्या मे महिन्याला लाजवेल असा, तेव्हा अकराच्या आत चालणं उरकावं.

२०व्या ते २५व्या स्ट्रीटपर्यंतचे पाच ब्लॉक म्हणजे एकेकाळची टेक्सासची तिजोरी. कापूस रेल्वेने यायचा, इथे दलाल आणि बँका त्याचा भाव करायच्या, मागच्याच धक्क्यावरून जहाज निघायचं. १८७० आणि १८८० या दोन्ही जनगणनांत गॅल्व्हेस्टन टेक्सासचं सर्वांत मोठं शहर होतं. १८८० मध्ये २२,२४८. १९०० पर्यंत ३७,७८९ झालं, पण तोवर सॅन अँटोनियो, ह्यूस्टन आणि डॅलस पुढे निघून गेले होते. ही गोष्ट सहसा गाळली जाते. वादळाने शहर बुडालं आणि ह्यूस्टन वाढलं, असं सोपं करून सांगतात. आकडे सांगतात की घसरगुंडी वादळाच्या आधीच सुरू झाली होती. बेटाला जमीन मोजकी, रेल्वेच्या वाटा मुख्य भूमीवर. वादळाने गुंतवणूकदारांना फक्त निमित्त दिलं आणि १९१४ मध्ये ह्यूस्टन शिप चॅनल खुला झाल्यावर जहाजांनाही बेटावर थांबायची गरज उरली नाही. ह्यूस्टन १९०० मध्ये ४४,६३३ होतं, १९२० मध्ये १,३८,२७६.

शहर पडतं राहिलं म्हणूनच या इमारती उरल्या. ओतीव लोखंडाच्या कमानी, वास्तुकार निकोलस क्लेटनने आखलेल्या विटांच्या दर्शनी भिंती. भरभराट झाली असती तर त्या पाडून काचेचे मनोरे उभे राहिले असते.

२२व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर थांबायचं. इथे ऑस्टरमन इमारत होती. आज फलक आहे आणि २०२१ मध्ये रंगवलेलं ५,००० चौरस फुटांचं भित्तिचित्र. १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजरने टेक्सासमधले सगळे गुलाम मुक्त असल्याचा हुकूम, जनरल ऑर्डर क्रमांक ३, याच शहरात काढला. राष्ट्राध्यक्ष लिंकनची मुक्तीची घोषणा जानेवारी १८६३चीच होती, म्हणजे टेक्सासला ती लागू व्हायला अडीच वर्षं आणि सैन्य लागलं. त्या तारखेवरून हा दिवस ‘जूनटीन्थ’ झाला. टेक्सासने १९८० पासून सुट्टी दिली, देशाने २०२१ मध्ये. ब्रॉडवेवर २०व्या स्ट्रीटजवळचं रीडी चॅपलही याच इतिहासातलं. वाट वाकडी करून पाहावं.

ऑस्टरमनचं नाव आणखी एका कारणाने घ्यावं लागतं. जोसेफ ऑस्टरमनने १८४१ मध्ये जमैकाहून कण्हेर आणली, असं मानतात. कण्हेरीला खारं पाणी आणि वाळू चालते. भरावाच्या वेळी सगळी झाडं आणि बागा मेल्यावर बायकांच्या एका संघटनेने घरोघर कण्हेर आणि ओक लावायची मोहीम काढली, आणि गाव ‘कण्हेरींचं शहर’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आपल्या महामार्गांच्या दुभाजकावर लावतात तीच.

पश्चिमेकडे पोस्टऑफिस स्ट्रीट २५व्या ते २९व्या दरम्यान एकेकाळी वेश्यावस्ती होती, आणि समुद्रावर खांबांवर उभ्या असलेल्या क्लबांत उघड जुगार. १९५७ मध्ये राज्याने छापे घालून सगळं बंद केलं. शहराची लोकसंख्या १९६० मध्ये ६७,१७५ वर पोचली, तीच आजवरची सर्वांत जास्त.

तिसरा दिवस : रोझेनबर्ग ग्रंथालय आणि मागच्या बोळी

२३१० सीली. घरनंबराचा नियम आठवला असेल तर २३व्या स्ट्रीटजवळ, ब्रॉडवेच्या अलीकडे एक ॲव्हेन्यू. १९०४ पासून हे सार्वजनिक ग्रंथालय चालू आहे. टेक्सास आणि गॅल्व्हेस्टनच्या इतिहासाचा विभाग वेगळा. त्याच्या वेळाही वेगळ्या, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारावं. पेन आत चालत नाही असं धरून पेन्सिल न्यावी.

एखाद्या रस्त्याचा इतिहास काढायचा तर सुरुवात सॅनबोर्न नकाशांपासून. आगीच्या विम्यासाठी काढलेले हे नकाशे, म्हणून प्रत्येक इमारतीचं साहित्य रंगात : विटांना गुलाबी, लाकडाला पिवळा, दगडाला निळा. ‘डी’ म्हणजे राहतं घर, ‘एस’ म्हणजे दुकान. १८९९चा आणि १९१२चा नकाशा शेजारी ठेवायचा. समुद्राकडचे पहिल्या नकाशातले पिवळे चौकोन दुसऱ्यात नाहीत, कागद कोरा. वादळाचं वर्णन करणारी दहा पानं वाचून जे कळत नाही ते इथे कळतं. हेच नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवलेत; घरूनच एक ब्लॉक निवडून आलं तर वेळ वाचतो.

मग माणसं. जनगणनेच्या याद्यांमध्ये एक मोठं भगदाड आहे : १८९०च्या याद्या १९२१च्या आगीत जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या. १८८० ते १९०० ही वीस वर्षं शहराच्या डिरेक्टऱ्यांवरून भरून काढायची. त्यांत नाव, धंदा आणि पत्ता असतो. बायका-मुलं सहसा नसतात, हा त्यांचा दोष. अलीकडचं टोकही बांधलेलं आहे : याद्या ७२ वर्षांनी खुल्या होतात, म्हणून १९५०च्या मिळतात, १९६०च्या २०३२ मध्ये.

१९००ची यादी मात्र आवर्जून पाहावी. ती मोजणी जूनची, वादळ सप्टेंबरचं. यादीतल्या हजारो माणसांची ती शेवटची सरकारी नोंद.

आता शहराचे आकडे पाहा : १९०० मध्ये ३७,७८९, १९१० मध्ये ३६,९८१. दहा वर्षांत ८०८ची घट. अनोळखी माणसाला वाटेल, काही विशेष घडलं नसावं. मधल्या काळात सहावा हिस्सा माणसं मेली, बरीच सोडून गेली, आणि भिंत बांधायला, भराव घालायला, बंदरात हमाली करायला नवी आली, हे सगळं त्या दोन आकड्यांच्या मध्ये गडप होतं. १९०७ ते १९१४ दरम्यान सुमारे १०,००० ज्यू निर्वासित युरोपातून या बंदरात उतरले. रब्बी हेन्री कोहेन धक्क्यावर त्यांना घ्यायला जात. त्यातले बहुतेक लगेच रेल्वेने आत निघून गेले, म्हणून शहराच्या लोकसंख्येत त्यांचा मागमूस नाही. बंदराच्या गावाची जनगणना अशीच वाचावी लागते.

दुपारनंतर ईस्ट एंडमध्ये चालायचं. १३ नोव्हेंबर १८८५च्या आगीने इथले ४० ब्लॉक जाळले, त्यामुळे घरं बहुतेक त्यानंतरची. दर्शनी बाजू सगळेच पाहतात. तुम्ही मागच्या बोळीत शिरा. पहिल्या दिवशी सांगितलेली २० फुटांची तीच. इथे तबेले, गुलामांच्या खोल्या आणि मुक्तीनंतर कृष्णवर्णीयांची भाड्याची छोटी घरं होती. पुढे श्रीमंताची कोठी, मागे त्याच भूखंडावर त्याच्या स्वयंपाकिणीचं घर, त्यामुळे इथे वस्त्यांची फाळणी ब्लॉकनुसार नव्हती, ब्लॉकच्या पुढे-मागे होती. काही बोळघरं अजून उभी आहेत. लोक राहतात, तेव्हा कुंपणावरून डोकावू नये.

झाडांच्या खोडांतून कोरलेले पक्षी, मासे, कुत्रे याच भागात दिसतील. ते २००८च्या आइक वादळात मेलेल्या ओकांचे बुंधे. बेटावर सुमारे ४०,००० झाडं खाऱ्या पाण्याने गेली, असा अंदाज आहे.

चौथा दिवस : सीवॉल

भिंत आधी जवळून, पायथ्याशी उतरून पाहावी, भरती नसताना. १९०२ च्या ऑक्टोबरात काम सुरू, १९०४ च्या जुलैत पहिला टप्पा पूर्ण : १७,५९३ फूट लांब, १७ फूट उंच, पायाशी १६ फूट रुंद, माथ्यावर ५. समुद्राकडची बाजू आतल्या अंगाला वळलेली, म्हणजे लाट आदळून वर फेकली जाते, भिंतीवर थेट दाब येत नाही. समोर ग्रॅनाइटच्या खडकांचा थर. तो नसता तर लाटेने पायाखालची वाळू ओढून नेली असती. तरीही समोरचा किनारा झिजतच गेला, कारण मागून वाळू मिळणं भिंतीने बंद केलं. आज दिसणारी पुळण बरीचशी बाहेरून आणून टाकलेली आहे. वाढवत वाढवत भिंत आता १० मैलांच्या वर गेली आहे.

१९१५ मध्ये तसंच मोठं वादळ आलं आणि शहरात मोजकीच माणसं दगावली. २००८ च्या १३ सप्टेंबरला आइक आलं तेव्हाही भिंत टिकली, पण स्ट्रँडवरच्या दुकानांत माणूसभर पाणी होतं. कारण पहिल्या दिवसाच्या भरावातच आहे. शहराला समुद्राकडून खाडीकडे उतार दिला, १,५०० फुटांना १ फूट, म्हणजे पाणी वाहून जावं. खाडीकडचा भाग त्यामुळे सर्वांत सखल राहिला, आणि पाणी मागच्या दाराने आलं. दोन जनगणनांत त्याची खूण आहे : २००० मध्ये ५७,२४७, २०१० मध्ये ४७,७४३. पाडलेल्या ५६९ सरकारी घरांतली माणसं परत यायला जागाच नव्हती. ती घरं पुन्हा बांधायची की नाही यावर गावात वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०२० मध्ये आकडा ५३,६९५. खाडीच्या तोंडाशी दरवाजे आणि शहराभोवती कडं घालायच्या योजनेला अमेरिकी काँग्रेसने २०२२ च्या डिसेंबरात मंजुरी दिली. पैसा ही वेगळी गोष्ट.

या घटीत आणखी एक कारण मिसळलं आहे. १९०० मध्ये गॅल्व्हेस्टन काउंटीची वस्ती ४४,११६, म्हणजे दर सातांतले सहा जण शहरात. २०२० मध्ये काउंटी ३,५०,६८२, आणि शहरात सातांत एकच. मुख्य भूमीवरची लीग सिटी १९७० मध्ये १०,८१८ होती, २०२० मध्ये १,१४,३९२. बेटावरचं इस्पितळ, बंदर, विद्यापीठ यांत काम करणारे कित्येक जण संध्याकाळी पुलावरून घरी जातात. उलट बेटाच्या पश्चिम भागातली घरं सुट्टीतली. जनगणना नेहमी राहणाऱ्यालाच मोजते, म्हणून घरं वाढतात आणि माणसं वाढत नाहीत. बेटावर जन्मलेल्यांना इथे ‘बीओआय’ म्हणतात, आणि ते बिरुद कुणाला लावायचं याबाबत गाव काटेकोर आहे.

६९व्या स्ट्रीटला सीवॉलवर एक फलक आहे : सेंट मेरीज अनाथाश्रमाची जागा. १९०० मध्ये इथे ९० मुलं आणि १० नन बुडाल्या. पहिल्या टप्प्याची भिंत इथवर पोचतही नव्हती.

तिथून गाडी पश्चिमेकडे घ्यावी. १००व्या स्ट्रीटच्या पुढे भिंत संपते आणि रस्ता एकदम खाली उतरतो. पोटात जाणवतो इतका. पुढची घरं खांबांवर, पहिल्या मजल्याच्या उंचीला, खाली फक्त गाडी आणि बोट. हा उतार संपतो तिथली पातळी ही बेटाची मूळ पातळी. रस्ता तसाच सॅन लुइस पासच्या टोलपुलापर्यंत जातो.